बिनगुन्ह्याची जन्मठेप आणि मुके फलक

जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यालाही आपल्यावरचा आरोप वाचून दाखवला जातो. खटला चालतो, वकील मिळतो, काही वर्षांनी का होईना सुटकेचा अर्ज करता येतो. प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्याच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. तो गजाआड जगतो, गजाआड मरतो आणि मेल्यावर शवविच्छेदनाचा अहवाल होऊन फायलीत जातो. त्याचा गुन्हा काय, असे सरकारला विचारा. उत्तर तयार आहे: गुन्हा काही नाही, लोकशिक्षणासाठी आणि वन्यजीव संवर्धनासाठी त्याला ठेवले आहे. ठीक. हे उत्तर आम्ही घटकाभर खरे मानतो. मग पुढचा सवाल त्याच सरकारला आणि प्राणिसंग्रहालये चालवणाऱ्या प्रत्येक महापालिकेला आहे. कुठे आहे ते शिक्षण? कोणी दिले, कोणाला दिले आणि कधी दिले?

हा सवाल आम्ही हवेतून काढलेला नाही. १९९१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने बजावले की, प्राणिसंग्रहालयांनी देशाच्या संवर्धनकार्याला हातभार लावायचा आणि येणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात वन्यजीवांविषयी आस्था आणि समज निर्माण करायची. २००९ च्या नियमांनी प्रत्येक पिंजऱ्यापाशी शास्त्रीय माहितीचा फलक सक्तीचा केला. म्हणजे शिक्षण ही प्राणिसंग्रहालयाने फावल्या वेळात करायची समाजसेवा नाही. ते त्याच्या अस्तित्वाचे कारण आहे. ते कारण काढून घ्या, उरतो तो निव्वळ कोंडवाडा.

आता तो फलक बघा. नियमाचे अक्षर इमानेइतबारे पाळले आहे, यात शंका नाही. हिरवा पत्रा, पांढरी अक्षरे. बिबट्या. खाली लॅटिन नाव. आढळ: आशिया व आफ्रिका. आहार: मांस. गर्भकाळ: ९० ते १०५ दिवस. आयुर्मान अमुक, वजन तमुक. संपले! तिसरीतल्या पोराला बिबट्या मांस खातो हे सांगायला सरकारी पत्रा लागतो? आणि गर्भकाळाचे त्या पोराने करायचे काय? शासकीय कोठारातल्या मालाची नोंद ठेवावी तशी ही नोंद आहे. ती लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याशी बोलायचेच नव्हते. तपासणीला येणाऱ्या साहेबाला दाखवायचे होते, ते दाखवून झाले. त्याच्या शेजारी मात्र पाच पाट्या ठसठशीत अक्षरांत उभ्या असतात. काचेवर मारू नका. दगड मारू नका. खाऊ टाकू नका. आवाज करू नका. कठड्यावर बसू नका. आमच्या प्राणिसंग्रहालयांना जनतेला सांगण्यासारखे एवढेच सुचते.

राज्यातल्या एका नामांकित प्राणिसंग्रहालयात मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. पिंजऱ्यातली मादी बिबट्या जाळीच्या कडेकडेने चालत होती. डाव्या कोपऱ्यात पोहोचली की मान एकाच ठरलेल्या बाजूला झटकायची, त्याच दगडावर तोच पंजा टेकवायचा आणि उलट फिरायचे. उजव्या कोपऱ्यात पुन्हा तेच. तिच्या पावलांखाली जमिनीत चर पडला होता, त्यातली माती सारवल्यासारखी गुळगुळीत झाली होती. बाहेर गर्दी खूश. एका गृहस्थांनी लेकीला खांद्यावर घेतले होते आणि कसा ऐटीत चालतोय बघ, म्हणून तिला दाखवत होते. मोबाइलवर चित्रण चालले होते. ती ऐट नव्हती. तो कोंडलेल्या जिवाचा आजार होता. अरुंद जागेत, करायला काही नसलेल्या प्राण्याच्या अंगात अशा फेऱ्या भिनतात, हे प्राणिशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके लिहीत आले आहेत. बादली घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याला आम्ही विचारले, तर त्या माणसाने सगळे सांगितले. मांस येण्याच्या वेळेआधी फेऱ्या वाढतात, मागे फांद्यांचे मचाण बांधले होते तेव्हा त्या कमी झाल्या होत्या, मचाण मोडले ते पुन्हा झाले नाही. पाच मिनिटांत त्याने जेवढे शिकवले तेवढे त्या संपूर्ण आवाराने दिवसभरात शिकवले नाही. पण त्याचे काम झाडणे, धुणे आणि खाणे टाकणे. बोलणे त्याच्या कामात बसत नाही. ती पोरगी मात्र घरी काय घेऊन गेली? एक वेडा झालेला प्राणी पाहून तो रुबाबदार आहे, एवढी समजूत. अज्ञान घेऊन आली होती, चुकीचे ज्ञान घेऊन गेली. यापेक्षा ती घरी बसून पुस्तकातले चित्र पाहती तर बरे झाले असते!

आणि आता पेंग्विन. मुंबईच्या भायखळ्यातील राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६० च्या दशकापासूनची ही बाग. तिथे जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन विमानाने आणले. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक दगावला. मार्च २०१७ मध्ये वातानुकूलित काचमहाल जनतेसाठी खुला झाला. त्याच वर्षी मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर नेले. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली आणि त्यावरून रण माजले. पेंग्विन हा राजकीय टोमणा झाला. सभांतून, विधिमंडळाच्या आवारातून, चॅनेलांवरून पेंग्विन पेंग्विन ऐकून कान किटले. मग पिल्ले झाली, तेव्हा त्यांना मराठी नावे का नाहीत यावरून मराठीचा कैवार घेणारे सरसावले. वा रे अस्मिता! पेंग्विनच्या पिल्लाचे बारसे मराठीत झाले की मराठी माणूस धन्य! त्या पिल्लाविषयी मराठी मुलाला मराठीत काय कळते, हे मात्र इतक्या वर्षांत एकाही पक्षाच्या एकाही वीराने विचारले नाही.

कळायला हवे होते ते काय? ऐका. हा पक्षी बर्फातला नाही. तो पेरू आणि चिलीच्या कोरड्या, खडकाळ किनाऱ्यावर राहतो. त्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यालाच हम्बोल्ट प्रवाह म्हणतात. खोल समुद्रातले गार, सकस पाणी तिथे वर येते. त्या पाण्यावर मासळीची अफाट पैदास होते आणि मासळीवर हा पक्षी जगतो. काही वर्षांनी एकदा मात्र वाऱ्यांचे तंत्र बिघडते. प्रशांत महासागराच्या पश्चिमेला साचलेले ऊन पाणी पूर्वेकडे सरकते, पेरूच्या किनाऱ्यावर पसरते, खालचे गार पाणी वर येणे थांबते, मासळी खोल जाते किंवा पांगते. पेंग्विन घरटी टाकून उपाशी भटकतात आणि मरतात. १९८२-८३ मध्ये त्यांची अशीच वाताहत झाली होती. पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या या पाण्याला जे नाव दिले, ते आज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्याही तोंडी आहे: एल निनो!

होय, तोच एल निनो. पेंग्विनला उपाशी मारणारा आणि आपल्या मोसमी पावसाचा जोर मोडणारा एकच. तो आला म्हणजे दुष्काळ पडतोच असे नाही. १९९७ साली तो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस बरा झाला. पण २०१५ मध्ये तो आला आणि देशभरात सरासरीपेक्षा १४ टक्के पाऊस कमी पडला. मराठवाडा होरपळला. उसाने आणि नियोजनशून्य कारभाराने आधीच तळ दाखवलेली धरणे कोरडी पडली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. आणि तीन महिन्यांनी, त्याच वर्षीच्या जुलैत, त्याच महाराष्ट्राच्या राजधानीत हम्बोल्ट पेंग्विन उतरले!

असा योग शंभर वर्षांत एकदा येतो. दुष्काळाने पोळलेल्या राज्याच्या दारात त्याच दुष्काळाचा सातासमुद्रापारचा साक्षीदार येऊन उभा राहिला होता. काचेपुढे एक मोठा नकाशा हवा होता. एक कळ दाबली की ऊन पाणी सरकते, पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी गायब होते आणि लातूरवरचा ढग विरतो. मुलाने ती कळ स्वतःच्या हाताने दाबायची. एका बाजूला २०१५ चा पेरू, दुसऱ्या बाजूला २०१५ चे मांजरा धरण. लातूरहून मुंबईत पोट भरायला आलेल्या बापाने पोराला सांगितले असते की, बाळा, हे बघ आपल्या विहिरीचे दुखणे. पेंग्विन त्या पोराचा सोयरा झाला असता. पेंग्विनांची घरटी खणायची जागा असलेले पक्ष्यांच्या विष्ठेचे थर एकोणिसाव्या शतकात खत म्हणून खरवडून युरोपात नेले आणि पिल्ले उघड्यावर पडली, हीही गोष्ट खतांच्या गोणीसाठी रांगेत उभे राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला कळली असती. झाले काय? बघा, किती गोड! फोटो काढा. पुढे चला, गर्दी करू नका. कोट्यवधी रुपये काचेवर, यंत्रांवर, पाणी गार ठेवण्यावर घातले. त्या काचेपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पाडायचा खर्च कुठल्या मथळ्याखाली दाखवला आहे, हे महापालिकेने छापून प्रसिद्ध करावे. आमचे त्यांना जाहीर आव्हान आहे.

आता आमचे काही विद्वान म्हणतील, फलकांनी कुठे माणसे शहाणी होतात? माणसाला प्राणी दिसला की तो आपोआप शिकतो. या भाबडेपणाला आकड्याने उत्तर देता येते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या शाळकरी मुलांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी भेटीआधी आणि भेटीनंतर प्राणी कुठे व कसे राहतात याची चित्रे काढली होती. प्राणिसंग्रहालयाच्या शिक्षकासोबत फिरलेल्या मुलांपैकी ४१ टक्क्यांच्या समजुतीत सुधारणा दिसली, नुसत्याच फिरलेल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या. म्हणजे जगातल्या एका अग्रगण्य प्राणिसंग्रहालयातही, माणूस सोबत देऊनसुद्धा निम्म्याहून अधिक मुलांच्या समजुतीत सुधारणा झाली नाही. जिथे फलक मुके आहेत आणि बोलायला माणूसच नाही, तिथे काय होत असेल? नुसता प्राणी पाहून शिकता आले असते, तर सर्कशीच्या तंबूतून विद्यापीठे निघाली असती.

फलक कसा असू नये आणि कसा असावा, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासातून शिकावे. सप्टेंबर १९०६ मध्ये तिथल्या माकडांच्या इमारतीत एक माणूस प्रदर्शनाला ठेवला होता. काँगोतून आणलेला ओटा बेंगा. बाहेर फलक लावला होता. त्यावर काय होते? नाव, वय, उंची, वजन, कुठल्या नदीकाठून आणला आणि कोणी आणला. बस! ओळखीचे वाटते? आपल्या हिरव्या पत्र्यांवर आजही तेच रकाने आहेत. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवला तेव्हा तो बाहेर निघाला. दहा वर्षांनी, १९१६ मध्ये, त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. त्या संस्थेला जाहीर माफी मागायला २०२० साल उजाडले. जिवंत जिवाला उंची आणि वजनात संपवणारा फलक हा मालकाचा फलक असतो, एवढे यावरून ज्याला कळत नाही त्याने प्राणिसंग्रहालयाच्या खुर्चीवर बसू नये.

त्याच ब्राँक्सने १९६३ मध्ये वानरांच्या इमारतीत एक पिंजरा केला. गज होते, वर लिहिले होते की आत जगातला सर्वांत धोकादायक प्राणी आहे. माणसे उत्सुकतेने पुढे जात आणि गजांमागच्या आरशात स्वतःचे तोंड बघत. एक आरसा आणि एक ओळ. खर्च किती आला असेल? काचमहालाच्या एका दिवसाच्या विजेच्या बिलापेक्षा कमीच, असा आमचा अंदाज. पुढे १९९९ मध्ये त्यांनी गोरिलांचे जंगल उभारले. तिथले वेगळे तिकीट काढायचे, गोरिलाच्या अगदी समोर, मध्ये फक्त काच, असे बसायचे, काँगोच्या जंगलावर काय संकट आले आहे ते पाहायचे, आणि बाहेर पडताना आपल्या तिकिटाचे पैसे तिथल्या कोणत्या संवर्धनकामाला जावेत हे स्वतः निवडायचे. या निवडीतून काही वर्षांत एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम जंगलांकडे गेली. प्रेक्षकाला आधी समजावले, मग त्याच्या हातात काही करण्याचे बळ दिले. ज्या आवारात एके काळी माणसाला कोंडले, त्याच आवारात हे घडले. म्हणजे सुधारणा अशक्य नाही. इच्छा मात्र हवी.

आमच्याकडे कोणी लगेच म्हणेल, अहो, ते अमेरिका आहे, आपल्याकडे पैसे कुठे? पैशाची सबब आम्हाला सांगू नका. महाराष्ट्रात सर्पदर्शनाला काही कमी नाही. पुण्यात कात्रजला सर्पोद्यान आहे, इतरत्रही साप काचेआड ठेवले जातात. या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. मरणारी बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. विषारी सापांत आपल्याला मुख्यतः चारांशी गाठ: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. म्हणजे साप दाखवणारे आवार हे या राज्यात जीव वाचवण्याचे ठिकाण होऊ शकते. त्यासाठी करायचे काय? काचेआड एक खोली उभी करा. शेणाने सारवलेली जमीन, त्यावर वाकळ, उशाला पाण्याचा तांब्या. आणि प्रेक्षकाला सांगा, यात मण्यार कुठे आहे, शोधा. खरी नको, हुबेहूब बनवलेली चालेल. ती उशीच्या कडेला असते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश इतका बारीक की अनेकदा कळतही नाही, आणि सकाळपर्यंत श्वास बंद पडतो. शेजारी दुसरी खोली: तीच वाकळ, पण बाजेवर, आणि वाकळीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. बघणाऱ्या बाईला एक शब्द वाचता येत नसला तरी ती घरी जाऊन त्याच संध्याकाळी मच्छरदाणी खोचेल. पुढच्या काचेत घोणस, तिच्या शेजारी लहान अजगर. पाहा आणि सांगा कोणता कोण. मग फुरशाची फण्याविना वेटोळी आणि खवले घासून केलेली करकर, ध्वनिमुद्रित करून ऐकवा. कोकणातल्या माणसाला तो आवाज जन्मभर लक्षात राहील. शेवटी एक ठळक सूचना: चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. सुतार, रंगारी, एक चांगला मूर्तिकार आणि गावातला एक डॉक्टर. किती खर्च? एखाद्या उद्‌घाटनाच्या मांडवाएवढा! पण आपल्या काचेवर काय असते? नाग. आहार: उंदीर, बेडूक. अंडी: इतकी ते इतकी. धन्य!

बिबट्याचेही तेच. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबटे पिढ्यान्‌पिढ्या वाढत आहेत. मुले, बायका हल्ल्यांत मरत आहेत, लोक रस्त्यावर उतरत आहेत. मुंबईत तर संजय गांधी उद्यानाच्या जंगलात आणि आरेच्या वस्त्यांभोवती तो रोजचा शेजारी आहे. २००४ च्या आसपास तिथे हल्ल्यांचा कहर झाला होता. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र येऊन वस्त्यांवस्त्यांत बोलू लागले, कचरा आणि भटकी कुत्री यांचा बिबट्याशी संबंध काय हे समजावू लागले, पकडून दुसरीकडे सोडण्याचे तोटे दाखवू लागले. हल्ले पुष्कळ कमी झाले. बोलल्याने फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. मग बिबट्या ठेवणाऱ्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयात त्याच्या पिंजऱ्यापुढे उसाचा एक वाफा का नाही? लहान मूल वाकून बसले की बिबट्याच्या उंचीवरून ते कसे दिसते, हे दाखवणारी एक खिडकी का नाही? वारली लोक वाघोबाला शतकानुशतके देव मानून त्याच्या शेजारी राहत आले, त्या वाघोबाची एक मूर्ती का नाही? ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यातली शेळी काल गेली, तो आज सहलीला तिथे आला तर त्याला सांगण्यासारखे तुमच्याकडे काय आहे? गर्भकाळ ९० ते १०५ दिवस?

पांढऱ्या वाघांबद्दल तर न बोलणेच बरे, पण दोन ओळी बोलतोच. १९५१ साली रीवाच्या जंगलात एक पांढरा बछडा पकडला गेला. आज प्रदर्शनात दिसणाऱ्या पांढऱ्या वाघांची वंशावळ प्रामुख्याने त्याच्यापाशी जाते. बाप-लेक, भाऊ-बहीण अशा नात्यांत पैदास करून तो रंग टिकवला, म्हणून तिरळे डोळे आणि व्यंगे. हे कुठल्या फलकावर लिहिले आहे? लिहिले तर लोक पैसे कसे देतील?

दोष लोकांवर ढकलण्याचा एक ठरलेला मार्ग अधिकाऱ्यांपाशी असतो. लोक वाचतच नाहीत हो, लोकांना सेल्फी हवी. आम्ही म्हणतो, हा सरळसरळ जनतेचा अपमान आहे. ज्या राज्यात मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य जंगलात काढले आणि पक्ष्या-प्राण्यांची मराठी नावे घराघरांत नेली, ज्या राज्यात व्यंकटेश माडगूळकरांनी रानातली जनावरे मराठी माणसाला माणसांइतकी ओळखीची करून दिली, त्या राज्यातल्या लोकांना वाचण्याची हौस नाही? वाचायला देता काय, ते बघा! रटाळ भाषांतरित वाक्ये, चुकीचे शुद्धलेखन, उन्हाने उडालेली अक्षरे, आणि उंची अशी की मुलाला दिसत नाही आणि म्हाताऱ्याला वाचवत नाही. असा मजकूर वाचणाऱ्याचा सत्कार करायला हवा. ज्या गावच्या कीर्तनाला लोक मध्यरात्रीपर्यंत बसतात, त्या गावाला ऐकण्याची आवड नाही असे म्हणणाऱ्याची जीभ धजावते कशी? लोकांना गोष्ट हवी असते. तुम्ही त्यांना रजिस्टर वाचून दाखवता.

आणि सर्वांत मोठा गुन्हा कर्मचाऱ्यांच्या बाबतीत होतो. वर्षानुवर्षे हत्तीच्या पायाला औषध लावणारा, अस्वलाचा रुसवा ओळखणारा, मगरीच्या अंड्यांवर रात्री पहारा देणारा माणूस हा त्या आवारातला खरा शिक्षक. त्याला तुम्ही झाडू दिला, माईक दिला नाही. अनेक ठिकाणी कंत्राटावर ठेवला, म्हणजे तो काही वर्षांनी जातो आणि त्याच्याबरोबर सगळे ज्ञानही जाते. चेन्नईजवळच्या मगर संवर्धन केंद्राची जगभर वाखाणणी झाली ती काय केवळ मगरींमुळे? ज्यांची साप पकडण्याची पिढीजात विद्या होती, त्या तिथल्या इरुळा आदिवासींना १९७८ च्या सुमारास सहकारी संस्थेत आणून विषसंकलनाचे काम दिले गेले आणि लोकांपुढे ते काम दाखवले गेले. आपल्याकडे फासेपारध्यांपासून वारल्यांपर्यंत जंगल वाचणाऱ्या माणसांची कमतरता नाही. त्यांना या आवारात प्रवेश आहे तो फक्त तिकीट काढून.

महापालिकांच्या आराखड्यांत जिराफ, झेब्रा, चिंपांझी अशी नावे येत-जात असतात. निवडणूक आली की परदेशी प्राण्यांची आश्वासने निघतात. आम्ही निक्षून सांगतो: नवा एकही प्राणी आणू नका. आहेत त्यांच्याबद्दल आधी बोलायला शिका. प्रत्येक प्राणिसंग्रहालयात पूर्णवेळ शिक्षण अधिकारी नेमा, आणि तो बदलीवर आलेला कारकून नको, मुलांशी बोलता येणारा प्राणिशास्त्राचा माणूस हवा. कर्मचाऱ्यांना रोज ठरलेल्या वेळी प्रेक्षकांशी बोलण्याची मुभा आणि त्याचे वेगळे मानधन द्या. फलक लिहिण्याचे काम मराठी लेखकांकडे आणि चित्रकारांकडे सोपवा, मजकुराला ठेकेदार नको. एका पिंजऱ्यावरच्या खर्चातला दहावा हिस्सा त्याच्यापुढच्या प्रदर्शनासाठी अंदाजपत्रकात वेगळा काढा, आणि तो खर्च झाला की नाही हे दरवर्षी जाहीर करा. ज्या प्राण्याबद्दल सांगण्यासारखे काही सुचत नाही, त्याला ठेवण्याचा तुम्हाला अधिकार नाही. त्याच्यासाठी चांगली जागा शोधा आणि तो पिंजरा बंद करा.

वाचकांनाही एक सांगणे आहे. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलात, तर प्रवेशद्वाराशी तिकीट काढताना खिडकीवरच्या माणसाला शांतपणे विचारा: इथला शिक्षण अधिकारी कोण आहे, आणि आज आमच्या मुलांशी किती वाजता बोलणार आहे? उत्तर मिळाले नाही, तर तिथली तक्रारवही मागा आणि तोच प्रश्न तीत लिहून, नाव-पत्ता घालून सही करा. वही नाही म्हणाले, तर आयुक्तांना पत्र लिहा, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या दारात जा. त्याने पेंग्विनच्या नावावर भाषण केले असेल, तर त्याला आधी विचारा, तो पेंग्विन कोणत्या किनाऱ्यावरचा.